एका रात्रीची कॉट बेसिस : लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासात हॉस्टेलमध्ये सहप्रवासी कसे भेटतात

पुण्याहून पहिल्यांदाच गोव्याला किंवा कन्याकुमारीला सायकलने निघणारी मंडळी गिअर, टायर आणि पॅनियर (सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) यांविषयी महिनाभर विचारपूस करतात. मुक्कामाचा विषय मात्र ‘कुठेतरी लॉज मिळेलच’ एवढ्यावर संपवतात. लॉज मिळतोही. पण खोलीचे दार एकदा लावून घेतले की त्या दिवसाचा रस्ता, त्या दिवसाचा वारा आणि दुखरे गुडघे यांविषयी बोलायला समोर कोणी नसते, आणि उद्याच्या रस्त्याची माहिती फोनच्या नकाशावरून जेवढी कळेल तेवढीच कळते. हॉस्टेलमध्ये एखादी रात्र काढली, तर ही उणीव भरून निघण्याची शक्यता बरीच असते. शक्यता म्हणण्याचे कारण असे की, हॉस्टेलमध्ये उतरले म्हणजे ओळखी आपोआप होतात, हा समज खरा नाही, आणि सायकलस्वाराच्या बाबतीत तर तो मुळीच खरा नाही.

अडचण घड्याळाची आहे. सायकलस्वार पहाटे साडेचारला उठतो, उन्हे चढण्यापूर्वी निम्मे अंतर कापतो, दुपारी मुक्कामी पोचतो आणि रात्री नऊला त्याचे डोळे मिटू लागतात. हॉस्टेलमधील इतर पाहुणे सकाळी दहाला उठतात, दुपारभर फिरतात आणि रात्री नऊनंतर कॉमन रूममध्ये जमू लागतात. म्हणजे मैफल भरते तेव्हा आपण झोपलेले असतो आणि आपण निघतो तेव्हा सारे हॉस्टेल झोपलेले असते. ही दोन घड्याळे एकमेकांवरून जातात ती साधारण संध्याकाळी पाच ते साडेआठ या वेळेत. पुढे जे काही सांगितले आहे, ते या साडेतीन तासांचा नीट उपयोग कसा करावा याविषयी आहे.

हॉस्टेल म्हणजे नेमके काय

पुण्यात ‘हॉस्टेल’ म्हटले की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे महाविद्यालयाचे वसतिगृह उभे राहते, आणि ‘सायकलवरून जाऊन हॉस्टेलमध्ये राहणार’ असे सांगितल्यावर त्यांचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. त्यांना समजेल अशी उपमा आपल्याच शहरात तयार आहे. सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुले ज्याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात, तोच हा प्रकार; फक्त महिन्याऐवजी एका रात्रीचा. खोलीत चार, सहा किंवा आठ पलंग असतात, बहुतेक ठिकाणी एकावर एक असे दुमजली. आपण खोलीचे नव्हे, पलंगाचे भाडे देतो. सामानासाठी एक कप्पा मिळतो, त्याचे कुलूप बहुधा आपले आपणच न्यायचे असते. न्हाणीघर सामायिक असते आणि बसायला-बोलायला एक मोठी खोली किंवा गच्ची असते.

प्रवाशांनी एका छपराखाली झोपावे ही कल्पना आपल्याला नवी नाही. पंढरपूरच्या धर्मशाळांना आणि शेगावच्या भक्तनिवासाला जाऊन आलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. आजच्या हॉस्टेलचा उगम मात्र वेगळा आहे. जर्मनीतील रिशार्ड शिरमान नावाचे शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्ट महिन्यात विद्यार्थ्यांना पायी सहलीला घेऊन गेले असता वादळी पावसात सापडले, आणि त्या सर्वांनी एका गावातील शाळेच्या इमारतीत रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळा चालणाऱ्या मुलांना मुक्कामासाठी का देऊ नयेत, या तेथे सुचलेल्या विचारातून युथ हॉस्टेलची चळवळ उभी राहिली. चालत किंवा सायकलने येणारा माणूस हा या व्यवस्थेचा मूळचा पाहुणा आहे, ही गोष्ट घामेजल्या कपड्यांनिशी स्वागतकक्षासमोर उभे राहताना मनात असलेली बरी.

निघण्यापूर्वी : अंतर आधी ठरवावे, ओळखी मागाहून होतात

ओळखी होतात की नाही, हे हॉस्टेलपेक्षा आदल्या दिवसाच्या अंतरावर अधिक अवलंबून असते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलने पूर्ण केली. दिवसाची सरासरी १८० किलोमीटरांहून अधिक पडते. विक्रमासाठी निघालेल्या माणसाच्या दिनक्रमात निवांत संध्याकाळ बसतच नाही आणि ती बसावी अशी अपेक्षाही नसते. आपल्याला विक्रम करायचा नाही. तरीही पहिल्याच दौऱ्यात दिवसाला १२० किलोमीटरांचे बेत आखणारे पुष्कळ भेटतात. ते अंधार पडताना मुक्कामी पोचतात, जेवतात आणि झोपतात, आणि परत आल्यावर ‘हॉस्टेलमध्ये काही मजा नाही’ असे सांगतात. नवख्याने दिवसाला ७० ते ८० किलोमीटर धरावेत, म्हणजे दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठता येतो.

दुसरी गोष्ट मार्गाची. पुणे–सातारा सुमारे ११०, सातारा–कोल्हापूर सुमारे १२० आणि कोल्हापूर–बेळगाव पुन्हा सुमारे ११० किलोमीटर असा हमरस्ता आहे. वाई, कऱ्हाड, संकेश्वर अशा गावी मध्ये थांबून हे टप्पे लहान करता येतात, पण या पट्ट्यात मुक्काम मुख्यतः लॉजमध्येच होतो. ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून कोकण किनाऱ्याने गेल्यास घरगुती मुक्काम आणि खानावळी मिळतात, आणि त्या उत्तम असतात. पण तेथे भेटतात ती गाडीने आलेली कुटुंबे. हॉस्टेलांची दाटी सुरू होते ती गोव्यापासून, आणि पुढे गोकर्ण, हंपी, म्हैसूर, फोर्ट कोची, वर्कला अशी ती साखळी जाते. म्हणून रोज हॉस्टेल शोधण्याचा हट्ट धरू नये. चार-पाच दिवस लॉजवर आणि घरगुती मुक्कामांवर काढावेत, आणि विश्रांतीचा दिवस मात्र ठरवून हॉस्टेलमध्ये घालवावा. दोन रात्री एकाच ठिकाणी राहिल्याने घड्याळाची अडचण बरीच सैल होते : दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे नसते, त्यामुळे रात्री दहापर्यंत जागता येते, आणि पहिल्या संध्याकाळी नुसते हसून बाजूला झालेले लोक दुसऱ्या सकाळी चहाच्या वेळी ओळखीचे झालेले असतात. साऱ्या लेखातून एकच सूचना पाळायची असेल, तर ती हीच पाळावी.

जागा नोंदवताना फोन करून चार गोष्टी विचाराव्यात, कारण संकेतस्थळावर त्या सहसा लिहिलेल्या नसतात. सायकल आत, छपराखाली आणि शक्यतो तळमजल्यावर ठेवता येईल का, हा पहिला प्रश्न. ‘हो, पार्किंग आहे’ या उत्तरावर थांबू नये. पार्किंग म्हणजे अनेकदा रस्त्यावरची मोटारीची जागा असते. कर्नाटकच्या किनाऱ्यावरील एका हॉस्टेलात मला फोनवर ‘सायकलची सोय आहे’ असे सांगण्यात आले होते, आणि पोचल्यावर ती सोय तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असल्याचे कळले. भरल्या पॅनियरसह तीन जिने चढून झाल्यावर त्या संध्याकाळी कोणाशी बोलण्याइतके त्राण उरले नव्हते. दुसरा प्रश्न वयाचा; सामायिक खोलीसाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि काही ठिकाणी वरची मर्यादाही असते, त्यामुळे निवृत्तीनंतर निघालेल्या काकांनी तो अवश्य विचारावा. तिसरा, स्वयंपाकघर वापरता येते का. चौथा, खालचा पलंग मिळेल का. दिवसभर पेडल मारलेल्या पायांनी रात्री दोनदा शिडी उतरणे सुखाचे नसते.

ओळखपत्र आधार किंवा वाहन परवान्याचे न्यावे. पॅनवर पत्ता नसल्याने ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. अनेक हॉस्टेले त्याच शहराचा पत्ता असलेल्या व्यक्तीस जागा देत नाहीत, ही बाब पुणेकरांनी विशेषकरून लक्षात ठेवावी : सरावासाठी म्हणून पुण्यातीलच एखाद्या हॉस्टेलमध्ये रात्र काढण्याचा बेत ओळखपत्र दाखवताच मोडतो. सराव करायचा तर एका शनिवारी सुमारे १०० किलोमीटरवरील पाचगणी गाठावी. वाईनंतरचा पसरणी घाट चढून झाल्यावर आपण लोकांशी कसे बोलतो आणि बोलतो तरी का, हे तेथे कळून येते.

पोचल्यावरचा पहिला तास

दुपारी पोचल्याबरोबर पलंगावर अंग टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण एकदा पाठ टेकली की जाग संध्याकाळी सातला येते आणि मग आंघोळ, कपडे, जेवण यांतच साडेआठ वाजतात. आधी सायकल जागेवर लावून कुलूप घालावे. ओळखपत्राची नोंद करावी. परदेशी पाहुण्याची नोंद हॉस्टेलला चोवीस तासांच्या आत शासनाकडे कळवावी लागते, त्यामुळे रांगेत पुढे कोणी परदेशी असल्यास वेळ लागतो, आणि तो वेळ ‘तुम्हीही सायकलनेच आलात का?’ एवढे विचारण्यास पुरेसा असतो. त्यानंतर आंघोळ. हे सांगावे लागू नये, पण सांगतो : घामाच्या जर्सीत कॉमन रूममध्ये बसलेल्या माणसाच्या शेजारी कोणी बसत नाही आणि त्याचे कारण त्याला कोणी सांगत नाही.

जर्सी आणि शॉर्ट लगेच धुऊन बाहेरच्या दोरीवर वाळत घालावेत. पलंगाच्या कठड्यावर ओले कपडे टांगणे हा खालच्या पलंगावरील माणसाशी भांडण काढण्याचा खात्रीचा मार्ग आहे. चेनच्या काळ्या तेलाचे हात हॉस्टेलच्या टॉवेलला पुसू नयेत, त्यासाठी जुन्या बनियनचा तुकडा सामानात असावा. फोन, दिवे आणि पॉवर बँक चार्जिंगला लावताना भिंतीवरील सगळी भोके एकट्याने अडवू नयेत. एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड जवळ असला तर तो सर्वांसाठी खुला ठेवावा. त्या बोर्डामुळे माझ्या जेवढ्या ओळखी झाल्या, तेवढ्या कोणत्याही वाक्यामुळे झालेल्या नाहीत.

बोलण्यास सुरुवात

पाच वाजले की फोन चार्जिंगला ठेवून खाली यावे आणि सायकलपाशी बसावे. चेन पुसावी, तेल द्यावे, टायरमध्ये रुतलेल्या काचा आणि तारांचे तुकडे काढावेत. हे काम तसेही रोज करायचेच असते, आणि ते उघड्यावर करत बसलेल्या माणसापाशी लोक स्वतःहून येतात. सायकल न चालवणारेही ‘हे एवढे सामान घेऊन?’ म्हणून थांबतात आणि सायकल चालवणारे तर टायरची रुंदी पाहूनच बोलू लागतात. हवा भरण्याचा पंप बाहेर दिसेल असा ठेवावा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारीच्या व्हॉल्व्हला बसते, बऱ्याच सायकलींना असणाऱ्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला ती अडॅप्टरशिवाय बसत नाही. त्यामुळे आठवडाभर अर्धवट हवेवर सायकल रेटत आलेला एखादा जण तुमच्या पंपाकडे आशेने पाहत असण्याचा संभव असतो. सायकलने आलेले कोणीच नसेल तरी हिरमुसू नये. मोटारसायकलवरून फिरणाऱ्यांना घाटांची आणि खड्ड्यांची माहिती असते, बसने फिरणाऱ्यांना खाण्याची, आणि हॉस्टेलमध्ये काम करणाऱ्या स्थानिक मुलाला या दोन्हींपेक्षा जास्त.

पहिला प्रश्न ‘आज कुठून आलात?’ हा असावा, ‘तुम्ही कुठले?’ हा नसावा. दोन्ही सारखेच वाटतात, पण पहिल्याचे उत्तर रस्त्याची गोष्ट असते आणि दुसऱ्याचे उत्तर गावाचे नाव, ज्यानंतर काय बोलावे ते दोघांनाही सुचत नाही. आपल्या मंडळींची आणखी एक सवय येथे आवरायला हवी. मराठी माणूस भेटला की आडनाव विचारायचे, आडनावावरून गाव आणि गावावरून नातेवाईक काढायचे, मग नोकरी, पगार आणि लग्न. पेठेतल्या ओट्यावर यात कोणाला गैर वाटत नसले, तरी हॉस्टेलमध्ये हे प्रश्न तपासणीसारखे वाटतात. कित्येकजण नोकरी सोडून, घरी वाद घालून किंवा कोणाला न सांगता निघालेले असतात. ते सांगतील तेवढे ऐकावे.

खाऊ बरोबर असावा. पुण्याहून निघताना घेतलेली बाकरवडी आठवडाभर टिकते, आणि पुडा फोडून मध्ये ठेवल्यावर ती काय आहे हे सांगण्यातच दहा मिनिटे जातात. शेंगदाण्याची चिक्की देताना मात्र आधी विचारावे, कारण शेंगदाण्याचे वावडे काहींना फार गंभीर असते. स्वयंपाकघर असल्यास एकट्यापुरते नूडल्स उकळण्याऐवजी खिचडीचे मोठे पातेले चढवावे. तांदूळ, डाळ आणि हळद एवढ्यात चौघांचे जेवण होते. भांडी आपणच घासावीत.

चौघे पुणेकर एकत्र निघाले असतील तर हे सर्व अवघड होते. चौघे एका टेबलाभोवती बसून मराठीत बोलू लागले की ते टेबल इतरांसाठी बंद झाले, मग बोलणे कितीही रंगतदार असो. अशा गटाने संध्याकाळपुरते दोन-दोन जणांत विभागून बसावे, आणि तिसरा कोणी आला की त्याला समजेल त्या भाषेत बोलावे. मोडक्या इंग्रजीची किंवा पुणेरी वळणाच्या हिंदीची लाज वाटून गप्प बसणारे बरेच असतात; परंतु समोरच्या फ्रेंच किंवा कोरियन माणसाचे इंग्रजी अनेकदा आपल्याहून अधिक मोडके असते. कर्नाटकात शिरण्यापूर्वी एखादा कन्नड भाषक भेटला तर ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘ऊटा’ म्हणजे जेवण आणि ‘एष्टु’ म्हणजे किती, हे तीन शब्द त्याच्याकडून उच्चारासह घोटून घ्यावेत.

उलट दिशेने आलेला सायकलस्वार

हॉस्टेलमध्ये भेटणाऱ्या सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे आपल्याला उद्या ज्या रस्त्याने जायचे आहे त्या रस्त्याने आज आलेला सायकलस्वार. त्याने सकाळी जे पाहिले ते नकाशावर नसते : कोणत्या पुलाचे काम सुरू आहे, कोणत्या गावानंतर तीस किलोमीटर चहा मिळत नाही, कोणत्या वळणावर कुत्री मागे लागतात. सायकलस्वारांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा असल्यामुळे त्या काळात असा कोणी ना कोणी सापडतोच. तो सापडला की बाकीच्या गप्पा बाजूला ठेवून वही काढावी.

पण त्याची माहिती उलटी करून घ्यावी लागते, आणि नवखे नेमके तेथेच फसतात. पुणे–सातारा रस्त्यावरील खंबाटकीचे उदाहरण घ्या. जुन्या रस्त्याच्या रचनेत पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्याला घाट चढावा लागतो, तर साताऱ्याकडून पुण्याला येणारा बोगद्यातून निघून येतो. त्यामुळे साताऱ्याकडून आलेला माणूस ‘तिथे विशेष चढ नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतो. तीच गोष्ट वाऱ्याची. त्याने दिवसभर समोरून खाल्लेला वारा आपल्याला पाठीवर मिळणार असतो, आणि ‘काय सुंदर रस्ता आहे, पाय न हलवता आलो’ असे तो म्हणाला, तर आपण उद्याचे अंतर दहा-पंधरा किलोमीटरांनी कमी करणे शहाणपणाचे. म्हणून ‘रस्ता कसा आहे?’ असे मोघम विचारू नये. कोणता चढ सायकल हातात धरून चढावा लागला, कोठे ब्रेक दाबून हात दुखले, किती वाजता कोठे होता, सामान किती किलो होते आणि टायर किती रुंद होते, असे विचारावे. पंचवीस किलो सामान असलेल्याचा ‘कठीण’ आणि नुसती सॅडलबॅग घेऊन निघालेल्याचा ‘कठीण’ हे एकच नव्हेत.

माहिती किती ताजी आहे, हे आवर्जून विचारावे. ‘काल’ आणि ‘गेल्या वर्षी’ यांत कोकणाच्या बाबतीत फार फरक पडतो. किनाऱ्याने जाणाऱ्याला आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडाव्या लागतात. बोटीवर सायकल घेतात, पण बोट चुकली किंवा बंद असली तर खाडीला वळसा घालताना निम्मा दिवस जाऊ शकतो. शेवटची फेरी किती वाजता सुटली, हे आज तिच्यातून उतरलेल्या माणसाइतके नेमके कोणी सांगत नाही. भोर–महाड मार्गावरील वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवतात. जूनपूर्वी तेथून गेलेल्याचा अनुभव ऑगस्टमध्ये निरुपयोगी असतो. उसाच्या गळीत हंगामात सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात आणि त्यांतील पुष्कळांना मागे दिवा नसतो. पहाटेच्या अंधारात निघण्याची सवय असलेल्यांनी ही एक गोष्ट कोणाकडून तरी ऐकलेली असणे किंवा नसणे यावर बरेच काही अवलंबून असते. त्या पट्ट्यात मी स्वतः उजाडेपर्यंत निघत नाही.

घेतलेल्या माहितीची परतफेड माहितीनेच करावी. पुण्याकडे येणाऱ्या परक्या सायकलस्वाराला आपण जे सांगू शकतो ते त्याला दुसरीकडे सहजी मिळणार नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना आणि दुचाकींना बंदी आहे, मोटारीसाठीचा नकाशा मात्र त्याला सरळ तेथेच नेऊ पाहतो. त्याला लोणावळ्यावरून जाणारा जुना मुंबई–पुणे रस्ता वहीत काढून द्यावा. कात्रजचा नवा बोगदा संध्याकाळच्या गर्दीत टाळावा, पुण्यात शक्यतो सकाळी शिरावे, आणि कोणत्या भागात सायकलचे सुटे भाग मिळतात, हेही सांगावे. शहरात मुक्कामाला बोलवायचे असेल तर घरी विचारून मगच बोलवावे. उत्साहाच्या भरात दिलेले आमंत्रण आठ दिवसांनी दारात उभे राहते, आणि परदेशी पाहुणा घरी राहिल्यास त्याची नोंद यजमानालाही करावी लागते.

उद्या सोबत निघायचे असेल तर

एका संध्याकाळच्या गप्पांनंतर ‘उद्या एकत्रच जाऊ या’ असे ठरणे स्वाभाविक आहे. ते ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात : किती वाजता निघायचे, कोणाच्या वेगाने जायचे आणि पुढचा मुक्काम कोठे करायचा. वेग हळू चालणाऱ्याचा धरावा. ते जमणार नसेल तर प्रत्येकाने आपापल्या गतीने जावे आणि चहाला व जेवणाला ठरलेल्या गावी थांबावे. मला हा दुसरा प्रकार अधिक पटतो, कारण हमरस्त्यावर शेजारी-शेजारी सायकली चालवत गप्पा मारणे मुळातच धोक्याचे असते आणि मागेपुढे चालवताना गप्पा होत नाहीत.

सोबत फक्त पुढच्या मुक्कामापर्यंतची, असे आधीच म्हणून ठेवावे. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले ते अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघेच. एकमेकांना आधीपासून ओळखून निघालेल्यांचे जर असे होते, तर काल भेटलेल्या माणसाने वाटेत ‘मी आज इथेच थांबतो’ म्हटल्यास वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. तसे आपणही मोकळेपणाने म्हणावे.

पहाटे निघणाऱ्याने सामान रात्रीच बांधून पॅनियर खोलीबाहेर ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा पहाटे साडेचारला होणारा आवाज दिवसा होणाऱ्या आवाजाच्या दसपट वाटतो, आणि गजर तर उशीखाली, नुसत्या थरथरीवर असावा. माझा गजर एकदा बांधलेल्या पॅनियरच्या तळाशी वाजत राहिला होता. आठजणांच्या त्या खोलीत आदल्या संध्याकाळी जुळलेल्या सगळ्या ओळखी तेवढ्या चार मिनिटांत मोडल्या.

सावधगिरी आणि पैसे

हॉस्टेलमधील बहुतेक लोक सज्जन असतात, तरी पाकीट, ओळखपत्र आणि फोन कप्प्यात कुलपाखाली ठेवावेत आणि सायकलचा दिवा, मीटर व पंप रात्री काढून घ्यावेत. उद्याचा मार्ग सर्वांशी बोलावा, पण उद्याच्या मुक्कामाचे नेमके ठिकाण फक्त घरच्यांना कळवावे. एकट्या निघालेल्या स्त्रियांसाठी अनेक ठिकाणी वेगळी सामायिक खोली असते. तिची चौकशी जागा नोंदवतानाच करावी. सोबत निघण्याचा कोणी आग्रह धरत असेल आणि मनाला पटत नसेल, तर ‘मी उद्या विश्रांती घेणार आहे’ एवढे कारण पुरते, ते खरे असण्याची गरज नाही. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक देशभर चालतो.

एकत्र जेवणाचा खर्च त्याच रात्री मिटवावा. आपल्याकडे भाजीवालीपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे यूपीआयवर चालते, पण परदेशी पाहुण्याकडे ते बहुधा नसते, म्हणून पन्नास-शंभरच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

निघताना

पहाटे निघताना चादर आणि अभ्रा घडी करून ठेवावा, कप्प्याची किल्ली परत करावी आणि जास्तीचे चेन ऑइल किंवा आपल्या मापाची नसलेली ट्यूब स्वागतकक्षावर पुढच्या कोणासाठी ठेवून द्यावी. फोन क्रमांकांची देवाणघेवाण झालीच असेल, तर पहिला संदेश नुसत्या नमस्काराचा न पाठवता उपयोगाचा पाठवावा. काल रात्री तुम्ही ज्याच्याशी उद्याच्या रस्त्याविषयी बोललात आणि जो अजून एक दिवस मागे थांबणार आहे, त्याला चढ कोठून सुरू झाला, पाणी कोठे मिळाले आणि बोट किती वाजता सुटली, हे दुपारच्या जेवणाला थांबाल तेव्हाच लिहून पाठवावे; संध्याकाळी तो सामान बांधत असेल.